विमलबाईंच्या नावापुढची केळी

गेल्या बुधवारी दुपारी निमगाव केतकीला आमच्या ओट्यावर मीटिंग भरली. विषय गंभीर… शनिवारी संध्याकाळी बारामतीच्या मैदानात जुन्या गाण्यांचा कार्यक्रम होता, आणि तिथं खायला काय न्यायचं ते ठरवायचं होतं. सतरंजी आपली, डबा आपला, गाणी त्यांची.

मी बोलतेय आणि माझी नात प्राजू टाईप करतेय. मला अक्षर येत नाही… पण मेनू ठरवायला अक्षर लागतंय कुठं? मी, शालन आणि विमलबाई… आमच्या तिघींत त्या खात्याची मंत्री मीच.

शालनचं माहेर धरणाकाठचं भिगवण, म्हणून तिचं एकच टुमणं… मासे तळून नेऊ. म्हटलं, "शालन, तिकडं गाणाऱ्यानं तान घेतली आन हिकडं तुझ्या घशात काटा अडकला, तर लोक म्हणतील बाई चांगली साथ देतीय!" मासे रद्द.

मग मी वाटप केलं. धपाटे आणि गुळाच्या दशम्या माझ्याकडं, मटकीची उसळ आणि ठेचा शालनकडं. तेवढ्यात विमलबाई म्हणाल्या, "या वेळी मी वांग्याचं भरीत आणते."

मी त्यांना पुरतं बोलूही दिलं नाही. "आवो, कशाला उगं गॅसपाशी उभ्या ऱ्हाताय? तुमी आपली केळी आणा. आन पाण्याच्या बाटल्या, कागदी प्लेटा."

विमलबाई म्हणजे शाळेतल्या रिटायर झालेल्या बाई, माझी वीस वर्षांची मैत्रीण. हसल्या, "बरं" म्हणाल्या आणि चप्पल घालून गेल्या. शालन पण गेली.

प्राजू यादी ग्रुपवर टाकणार होती… पण ती जुन्या याद्याच वर सरकवून बघत बसली. मग म्हणाली, "आजी, भिगवणला पक्षी बघायला गेलात, विमलआजी केळी. हुरड्याला गेलात, केळी. माझ्या वाढदिवसाला शेतात जेवलो, तेव्हा पण केळी आणि प्लेटा. त्यांच्या हातचं शिजवलेलं एकदा पण नाही. असं का गं?"

"त्येंचे गुडघे दुखत्यात."

"तुझे जास्त दुखतात."

मी एवढी तोंडाळ बाई… पण तिला चहा टाकायला आत पिटाळलं.

विमलबाईंचं घर बौद्ध आहे. हे सांगायची गरज पडू नये, पण पडतेय, कारण केळ्याचं कारण तेच होतं. सालीतलं चालायचं, शिजलेलं नाही. मी हे मनात कधी ठरवलं नव्हतं हो… सासूबाईंनी घालून दिलेलं हाताला लागलेलं, हात आपोआप करत राहिले. आणि तोंडानं मी गावभर सांगायची, "आमच्यात तसलं काय न्हाय, विमलबाई आमच्या स्वयंपाकघरात बसून च्या पित्यात."

त्या आमच्याकडं प्यायच्या. मी त्यांच्याकडं गेले की मात्र माझा हमखास उपास. सोमवार, गुरुवार, चतुर्थी… देवालाही माहीत नसतील इतके उपास मी त्या बाईच्या सोफ्यावर बसून केलेत.

आणि माझ्या बीपीच्या गोळीवरचं नाव कोण वाचतं? विमलबाई. त्यांच्या हातची गोळी गिळते, भाजी नाही. त्या दुपारी एकटीच बसून हे आठवलं, आणि अंगावरचं लुगडं जड झाल्यासारखं वाटलं.

प्राजूला म्हटलं, यादी बदल. विमलबाईंच्या पुढं भरीत लिही. तिनं लिहून टाकलं. थोड्या वेळानं उत्तर आलं, प्राजूनं वाचून दाखवलं… "केळी आणून ठेवली आहेत." एवढंच.

शनिवारी एसटी पकडली. पाटी नेहमीप्रमाणे विमलबाईंनीच वाचली. मैदानात सतरंजी टाकली, दोन-चार गाणी झाली, डबे उघडले. केळी मधोमध. प्लेटा पण. आणि विमलबाईंच्या पिशवीत तळाला एक स्टीलचा डबा… मला दिसत होता, पण त्या बाहेर काढेनात.

शेवटी मीच विचारलं, "विमलबाई, भरीत?"

"आहे पिशवीत." त्यांनी माझ्या हातातल्या अर्ध्या धपाट्याकडं बघितलं. "आज उपास नाही वाटतं, अक्का?"

म्हणजे बाईला सगळं माहीत होतं. पहिल्यापासून. माझा एकेक उपास शाळेच्या हजेरीसारखा मांडलेला होता, आणि मला वाटत होतं मीच हुशार.

स्टेजवर माझ्या आवडीचं गाणं लागलं होतं. एक शब्द कानात शिरला नाही. मी म्हटलं, "न्हाय विमलबाई. उपास न्हाय. कवाच नव्हता."

शालननं मान खाली घातली… तिनं तरी त्यांच्याकडचं कधी खाल्लं होतं?   मग विमलबाईंनी डबा काढला, झाकण उघडलं आणि सतरंजीच्या मधोमध ठेवला. मला दिला नाही हां… मधोमध ठेवला. "तिखट आहे," म्हणाल्या.

मी घेतलं. वांगं निखाऱ्यावर भाजलेलं, वर कच्चा कांदा, लसूण सढळ हातानं. माझ्यापेक्षा चांगलं भरीत करते ही बाई, हे मला वीस वर्षांनी कळलं. डोळ्यांत पाणी आलं, शालनला म्हटलं मिरचीनं. तिनं पण प्लेट पुढं केली.

"झालं गेलं जाऊ द्या" असं विमलबाई म्हणाल्या नाहीत. घरी येईपर्यंत नाही, अजूनही नाही. मी पण त्यांच्याकडून वदवून घेतलं नाही.

प्राजू विचारतेय, "आजी, खरंच हे सगळ्यांना दिसेल असं टाकू?" टाक म्हटलं. आमच्यात वाचता येणाऱ्या त्याच, त्या वाचतीलच. आणि माफी कानात कुजबुजून कशी मागू… केळी मी सगळ्यांसमोर सांगितली होती.