तेवढा पूल पार करून दे

त्या घरात मला दोन गोष्टींसाठी हाक यायची. काकू जेवायला बोलवायच्या, आणि त्यांचा मुलगा गेममधला एखादा अवघड टप्पा पार करून द्यायला. पहिल्या हाकेला मी लगेच उठायचो. दुसऱ्या हाकेलाही उठायचो, पण पदवीच्या शेवटच्या वर्षी ती हाक मला नकोशी व्हायला लागली होती.

घर रायपूरच्या बुढापाऱ्यात, तलावामागच्या गल्लीत. नवं राज्य होऊन फार काळ झाला नव्हता. जुन्याच इमारतींवर नव्या कार्यालयांच्या पाट्या चढत होत्या. आमच्या लहान गावात सगळे म्हणायचे, आता राजधानी झाली, आता कॉम्प्युटरवाल्या पोरांना काम कमी पडणार नाही. त्या बोलण्यावर विश्वास ठेवून बाबांनी मला कॉम्प्युटरच्या पदवीला घातलं. बाबा रेल्वे फाटकावर गेटमन. आमच्या घरात त्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. काकूंचं माहेर आणि माझ्या आईचं माहेर वर्धेकडच्या एकाच तालुक्यातलं. तेवढ्या ओळखीवर काकूंनी मला गच्चीवरची खोली दिली आणि पहिल्याच दिवशी सांगितलं, की जेवण खालीच होईल, वर स्टोव्ह पेटवायचा नाही.

त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात होता, माझा मित्र. काका सिलतऱ्याच्या पोलाद कारखान्यात शिफ्टवर. त्यांनी मुलासाठी कॉम्प्युटर आणला होता. काकूंनी त्याला झालरीचं कव्हर शिवलं होतं, कारण गच्चीवर आणि खिडक्यांत काळी धूळ येऊन बसायची. ते कव्हर बाजूला केलं, की एकतर मित्राचा गेम सुरू व्हायचा किंवा माझा अभ्यास. कॉलेजच्या लॅबमध्ये एका मशीनवर चौघे बसायचे. माझ्यासाठी खरा कॉम्प्युटर हा एवढाच होता.

गेम मोहिमांचा होता. शत्रूच्या छावणीत शिरायचं, पहारेकऱ्यांना चुकवायचं, काहीतरी उडवून परत यायचं. मित्र धावत सुटायचा आणि मरायचा. दुसरा एक मित्र समता कॉलनीतून स्कूटरवर यायचा. तो पलंगावर लोळून सल्ले द्यायचा, मग खुर्चीवर बसायचा, आणि तोही मरायचा. दोघं थकले, की पलंगावरून आवाज यायचा, "बुला गेटमन को. फाटक वही खोलेगा."

गेटमन म्हणजे मी. त्यात वाईट हेतू नसायचा, तरी ते मला टोचायचं.

मी खाली यायचो. मित्र खुर्चीतून उठून तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहायचा. मी काही विशेष करत नसे. पहारेकरी ठरलेल्या वाटेनं चालतो, टोकाला थांबतो, वळतो. त्याची पाठ फिरेपर्यंत थांबायचं. हे थांबणं मी बाबांच्या फाटकावर शिकलो होतो. तिथं लोक सायकली आडव्या लावून ओरडायचे, गाडी कुठं दिसून राहिली, उघडून दे ना भाऊ. ओळखीचे असायचे, नातेवाईक असायचे. बाबा ऐकून घ्यायचे आणि फाटकाला हात लावायचे नाहीत.

टप्पा पार झाला, की दोघं टाळ्या द्यायचे, मित्र पुन्हा खुर्चीत बसायचा आणि थोड्याच वेळात पुढच्या टप्प्यावर अडकायचा. मी जिना चढून पुस्तक उघडतो न उघडतो, तोच खालून हाक. कधी मी अंघोळीला निघालेला असायचो, कधी ताटावर बसलेला. "अरे बस एवढं करून दे ना बे, तुले काय वेळ लागते?" वेळ खरोखर लागत नसे, म्हणून नाही म्हणायला काही कारणही सापडत नसे. मी त्यांना समजवायचा प्रयत्न करायचो, तो कुठं वळतो ते बघ, आता थांब, आता जा. ते हो हो म्हणायचे. पण त्यांचे डोळे पडद्यावर असायचे. माझी बोटं काय करताहेत, हे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला स्वतःचा प्रोजेक्ट करायचा होता. बाहेरून परीक्षक येणार आणि तोंडी परीक्षा घेणार. बाजारात तयार प्रोजेक्ट मिळायचे, जाड पुठ्ठ्याच्या बांधणीसकट. समता कॉलनीवाल्यानं तसलाच आणला होता आणि तो निवांत होता. आमच्या सरांनी मात्र वर्गात सांगितलं होतं, की आदल्या वर्षी दोन प्रोजेक्ट एकाच हातचे निघाले, तेव्हा करणारा आणि करून घेणारा, दोघांचंही वर्ष गेलं. माझ्या बाबतीत वर्ष जाणं म्हणजे काय, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. धाकटी बहीण बारावीला होती. माझं शिक्षण संपल्यावरच तिचं सुरू होणार, असं घरात ठरलेलं होतं.

मी ग्रंथालयाचा प्रोग्रॅम करत होतो. पुस्तक देणं, परत घेणं जमलं होतं. उशिराचा दंड काही केल्या बरोबर येत नव्हता. मित्रानं दवाखान्यात पेशंटला नंबर देण्याचा विषय घेतला होता. मी म्हटलं, तू टाइप कर, मी बाजूला बसतो. तो बसला. पहिली चूक आली तसा खुर्चीतून उठला. "तू बस. तुझ्या हातानं लवकर होते."

मी बसलो नाही. उद्या करू म्हणालो. असं बरेच दिवस चाललं. परीक्षा सोमवारी होती आणि आदल्या शनिवारी सकाळपर्यंत त्याच्या प्रोजेक्टमध्ये नावापलीकडे काही नव्हतं.

त्या सकाळी काकू देवळात गेल्या होत्या. तो जिना चढून वर आला. असं तो कधी येत नसे, खालूनच हाक मारायचा. दारात उभं राहून तो सरळ म्हणाला, की आज माझा दवाखाना करून टाक. तू बसला तर संध्याकाळपर्यंत होते.

मी त्याला सरांच्या बोलण्याची आठवण करून दिली. तो म्हणाला, दोन विषय वेगळे आहेत, कोणाला कळते? मी म्हटलं, परीक्षकानं एक ओळ बदलायला सांगितली तर तू काय करशील?

"मग काय, मी फेल होऊ?"

"मी शिकवतो ना तुले. आता बस."

"शिकायले वेळ आहे का? गेमसारखं करून दे ना यार. एवढं आमच्या घरी राहते तू."

शेवटचं वाक्य त्याच्या तोंडून निघून गेलं. ते निघाल्यावर तो स्वतःही जरा थांबला. मी म्हटलं, "म्हणूनच नाही करून देत." मला आणखी बरंच बोलायचं होतं. त्या घराचं अन्न खाऊन मी त्याला असं सोमवारी परीक्षकासमोर रिकामा कसा बसवू, असं काहीतरी. पण ते शब्द जुळले नाहीत. तो खाली निघून गेला.

थोड्या वेळानं मी माझी फ्लॉपी घेऊन खाली आलो. दंडाचं काम उरलं होतं, आणि छापील अहवालही निघायचा होता. तो कॉम्प्युटरसमोर बसलेला होता. झालरीचं कव्हर जमिनीवर पडलं होतं आणि पडद्यावर पूल होता.

तो पूल म्हणजे त्या गेममधली सगळ्यात वाईट जागा. दोन्ही टोकांना पहारेकरी, मधे लपायला काही नाही. महिनाभर ते दोघं तिथं अडले होते आणि मीही मुद्दाम तो टप्पा पार करून दिला नव्हता. मित्र धावला, भोंगा वाजला, मेला. पुन्हा सुरू. पुन्हा धावला.

मी पलंगावर बसलो. एप्रिलची दुपार चढत होती. कूलर लावला की कॉम्प्युटरचा पडदा थरथरायचा, म्हणून कूलर बंद होता. त्याच्या मानेवरून घाम उतरत होता. तो मला जा म्हणत नव्हता आणि उठतही नव्हता. कॉम्प्युटर त्याचा, घर त्याचं. मी हातातल्या फ्लॉपीची पत्र्याची पट्टी सरकवत राहिलो. सायबर कॅफेत आमची प्रोग्रॅमिंगची भाषा चालणारं सॉफ्टवेअर नसायचं, लॅब सोमवारी परीक्षेलाच उघडणार होती.

होता अजून शनिवारच. त्या खोलीत बसून मला पुढचा दिवस आधीच संपलेला दिसत होता.

भोंगा वाजत राहिला. तो कुठं चुकतो आहे, हे मला स्पष्ट दिसत होतं. अलीकडचा पहारेकरी वळला की तो निघायचा. निघायचं होतं पलीकडचा वळल्यावर. मी उठून खुर्ची मागितली असती तर चहा उकळेपर्यंत काम झालं असतं, तो खूश झाला असता, मला कॉम्प्युटर मिळाला असता. आणि मग दवाखानाही मलाच करावा लागला असता, हेही मला तितकंच स्पष्ट दिसत होतं. म्हणून मी गप्प होतो. माझा राग आता गेमवर होता, भोंग्यावर होता, त्याच्या घामानं भिजलेल्या शर्टावरही होता.

काकू परत आल्या. प्रसाद ठेवला, चहा ठेवला. दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"काहून रे, आज बोलून नाही राहिले तुम्ही?"

मित्र पुन्हा धावला. भोंगा वाजला. काकूंनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळून अगदी सहज म्हणाल्या, "करून दे ना बाबा त्याले. त्याच्या हातानं नाही होत. लहानपणापासून असंच आहे त्याचं, बुटाची नाडी बी मीच बांधून देत होती."

त्यांनी ते प्रेमानंच म्हटलं. पण मित्राचे कान लाल झालेले मला मागून दिसले. त्याची बोटं कीबोर्डवर तशीच थांबली, आणि पडद्यावरचा त्याचा माणूस उघड्यावर उभा राहिला. त्या क्षणी माझा राग कुठं गेला, मला कळलं नाही. ज्या हाकेला मी वर्षभर कंटाळलो होतो, ती हाक मारायला त्याला कोणी शिकवलं, ते समोर उभं होतं.

"होते काकू त्याच्याकडून," मी म्हटलं. "फक्त थांबत नाही तो."

मी पलंगावरून उठून त्याच्या बाजूच्या स्टुलावर बसलो आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून घेतले. नाहीतर ते आपोआप कीबोर्डकडे गेले असते. काकू दारातच थांबल्या.

त्यानं पुन्हा सुरू केलं. अलीकडचा वळला. त्याचं बोट हललं. "नको," मी म्हटलं. तो थांबला. पहारेकरी परत आला, पुन्हा गेला. "अजून नको. पलीकडचा पाह्य." इतका वेळ काही न करता बसणं त्याला सहन होत नव्हतं, त्याचा गुडघा टेबलाखाली हलत होता. माझे हात मांड्यांखाली मुंग्या येऊन बधिर झाले होते. पलीकडचा वळला. मी काही बोललो नाही. मला बोलायचं होतं, पण ते मी गिळलं.

तो निघाला. जरा उशिरा निघाला, मध्यावर त्याला गोळी लागली, तरी तो पलीकडच्या वाळूच्या पोत्यांमागे जाऊन पडला. भोंगा वाजला नाही.

टाळी द्यायला आज कुणी नव्हतं. तो तसाच बसून राहिला. मग गेम बंद केला, खाली वाकून कव्हर उचललं आणि झटकलं. "तुझी फ्लॉपी लाव," म्हणाला. "दंडाचं झालं की मले दवाखाना दाखव. कुठून सुरू करू ते सांग फक्त."

मी आधी त्यालाच बसवलं. त्या दुपारी आणि रविवारभर खुर्ची आमच्यात फिरत राहिली. तो एका बोटानं टाइप करायचा, चुकायचा, माझ्याकडे बघायचा. मी हात दाबून बसायचो. रविवारी दुपारी माझा दंड बरोबर आला. त्याच्या दवाखान्यात पेशंटचं नाव लिहिता येत होतं आणि नंबर मिळत होता, बाकी काही नाही. काकूंनी विचारलं, दोघांचं झालं का? त्यानं सांगितलं, माझं थोडंसं झालं.

सोमवारी लॅबच्या बाहेर समता कॉलनीवाला आपला जाड पुठ्ठा छातीशी धरून उभा होता. तो आत गेला आणि लवकर बाहेर आला. परीक्षकांनी एकच गोष्ट बदलून दाखवायला सांगितली होती. त्यानं पुठ्ठा माझ्या हातात दिला आणि पाणी प्यायला निघून गेला.

मग माझी पाळी आली. मला इंग्रजीत विचारलं, मी हिंदीत सांगितलं, आणि जे विचारलं ते करून दाखवलं. मी बाहेर येताना मित्र आत जात होता. दार पूर्ण लागत नसे, त्या फटीतून मला त्याची पाठ दिसत होती. परीक्षकांनी विचारलं, बस इतना ही? तो म्हणाला, "इतना ही है सर. पर जो है, मैंने किया है." त्यांनी नंबराच्या पुढे पेशंटचं वयही आलं पाहिजे म्हणून सांगितलं. मी भिंतीला टेकलो. हात कुठं ठेवावे कळेना, म्हणून पाठीमागे धरले.

बऱ्याच वेळानं एका बोटाचा टक आवाज आला. मग थांबला. मग पुन्हा आला.

तो पास झाला, अगदी काठावर. माझं वर्ष वाचलं. त्याच उन्हाळ्यात मी गावी जाऊन बाबांना निकाल दाखवला. ते गाडी गेल्यावर बोलू म्हणाले आणि गाडी जाईपर्यंत कागद हातात धरून उभे राहिले.

त्या सोमवारी मात्र आम्ही समता कॉलनीवाल्याच्या स्कूटरवर बुढापाऱ्यात परत आलो. मी वर जाऊन आडवा झालो. डोळा लागतो आहे, तेवढ्यात खालून हाक आली. जिना उतरताना मी मनात उत्तर जुळवत होतो.

पडद्यावर पुलाच्या पुढचा टप्पा होता. त्यानं पायानं स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"बस इथं," तो म्हणाला, "पण हात नको लावू."