आप्पांच्या डोक्यावरची तुळई

जेवण उरकून गवंडी बागेत सावलीला आडवे झालेत, आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर शरयूचेही डोळे मिटू लागलेत. सांगलीतली ही सहा घरांची रांग जुन्या सूतगिरणीने कारकुनांसाठी बांधलेली, भिंतीला भिंत लागून. शरयूला मागे एक खोली वाढवायची आहे आणि थेट बागेत उघडणारं मोठं दार हवं आहे. सकाळपासून मागची भिंत निम्मी उतरली आहे. भगदाडातून हिरवा उजेड आत येतोय.

ती उठून त्या उजेडाकडे जाते. पाऊल बागेत पडायला हवं, ते पडतं दवाखान्याच्या गार फरशीवर. लांबच लांब व्हरांडा, आणि त्याच्या टोकाला पुन्हा तिचंच स्वयंपाकघर. तिथे गिरिजाकाकू उभ्या आहेत. शेजारच्या. दोन वर्षांपूर्वी याच दवाखान्यात वारलेल्या. दोन्ही हात वर करून त्यांनी छताची तुळई पेलून धरली आहे.

शरयूला आधी लाज वाटते. भिंत पाडायचं तिने काकूंच्या यजमानांना, आप्पांना, सांगितलेलंच नाही. ते हरकत घेतील म्हणून. ती घाईघाईने सांगू लागते, की मिस्त्रीने बघितलंय, या भिंतीवर भार नाही. काकू ऐकून घेतात.

"ही तुळई तुझ्या एकटीच्या घराची न्हवं," त्या म्हणतात. "आमच्यातबी जाती."

"आप्पा कुठं आहेत?"

"हिच्याखालीच झोपल्यात." काकूंची कोपरं वाकत चालली आहेत. "मला आता जमंना, शरयू. जरा धर."

शरयू हात वर करते. नऊ फुटांवरची तुळई तिच्या तळव्यांवर टेकते. काकू पदराने तोंड पुसतात आणि भिंतीतून पलीकडे निघून जातात. ओझं खांद्यांतून पाठीत उतरतं. तिला आप्पांना हाक मारायची आहे. तोंड उघडतं, आवाज फुटत नाही.

वर काहीतरी करकरतं.

ती खुर्चीवरच जागी होते. छतातून चुन्याची बारीक धार फरशीवर सांडतेय. ती अनवाणी शेजारी धावते, आप्पांना पलंगावरून उठवते, दंडाला धरून अंगणात आणते. तिच्या ओरडण्याने गवंडी येतात, टेकू लावतात. मिस्त्री शिडीवर चढून बघतो. तुळईचं टोक भिंतीतून चार बोटं सुटलेलं आहे.

"आप्पा, तुम्हाला न विचारता भिंत पाडत होते मी," शरयू म्हणते.

आप्पा आपल्या दंडाकडे बघतायत. पांढऱ्या सदऱ्यावर पाच काळी बोटं उमटली आहेत. शरयू तळवे उलटे करते. दोन्हींवर डांबर आहे, वाळवीसाठी कधीकाळी तुळईला फासलेलं.