पांढरं लुगडं नेसून बोहल्यावर

लग्नात शालू नेसायचा नाही, अंगावर सोन्याचा मणीही घालायचा नाही, हे मी खादीची पत्रकं वाचूनच ठरवलं होतं. आपल्या जुन्या बायका जाड्याभरड्या कापडात बोहल्यावर उभ्या राहत, खेड्यातला तो साधेपणा हाच खरा थाट, असं त्यांत छापलेलं असे. येळ्ळूरच्या आमच्या सोप्यात मी ते मोठ्यानं वाचून दाखवी. सूत मी काढलं. वडगावच्या मागावर त्याचं नऊवारी लुगडं विणून घेतलं. पांढरं, बिनकाठाचं. नवरामुलगा निपाणीचा, खादीवालाच. त्याची हरकत नव्हती.

आई लहानपणीच गेलेली. मला वाढवलं आत्तीनं, माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या बहिणीनं. ती लग्नानंतर थोड्याच दिवसांत विधवा होऊन माहेरी आली होती आणि तेव्हापासून पांढरंच नेसत होती. माझं लुगडं तिनं चिमटीत धरून बघितलं.

"ह्ये कुणाला गं?"

"मला. लग्नात नेसायला."

"याड लागलं व्हय?"

"आत्ती, जुन्या बायका असंच जाडंभरडं नेसायच्या."

"मिळत न्हवतं म्हणून नेसायच्या. पर पांढरं कोण न्हाय नेसली बाई." मग हळूच म्हणाली, "माझ्यासारखं नगं दिसू, एवढंच."

मी तिला रूढी, अज्ञान असं बरंच काही ऐकवलं. ती भाकरी थापत राहिली.

लग्नादिवशी मी ते नेसून मांडवात आले. वऱ्हाडातली एक बाई म्हणाली, "नवरी कुठली, आत्ती कुठली, वळकायचं कसं?" बायका हसल्या. दुसरी म्हणाली, "पांढऱ्या कपाळाच्या हाताखाली वाढली. तिनंच नेसवलं आसंल."

मला कुणी हिणवलं तर काय बोलायचं, हे मी तयार ठेवलं होतं. पण मला कुणी काहीच म्हणत नव्हतं. नवऱ्याचे चुलते आप्पांना म्हणाले, "लुगडं बदला, न्हाय तर आम्ही उठतो."

आप्पा तडक परसात गेले. मी त्यांच्यामागून गेले. आत्ती चुलवणापाशी भाताला जाळ घालत होती.

"तूच शिकवलंस व्हय तिला?"

आत्तीनं माझ्याकडं एकदा बघितलं. "व्हय. मीच म्हटलं, पांढरं नेस. पोरीला बोलू नगा."

"खोटं आहे," मी ओरडले. "मी ठरवलं, माझं मी!"

"बघ, कशी बोलायला शिकवलीस," आप्पा तिलाच म्हणाले आणि मांडवात परतले.

आत्तीनं बादलीत हळद कालवली. "काढ त्ये." मी आडोशाला जाऊन लुगडं सोडलं. तिनं ते हळदीत बुडवलं, पिळलं, झटकलं आणि ओलंच माझ्या अंगावर नेसवलं. निऱ्याही तिनंच खोचल्या. नवरीच्या हळदीला विधवेनं हात लावायचा नाही, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

हातांची हळद कुणाला दिसू नये म्हणून तिनं चुलीतली राख घेऊन हात घासले. राखेतल्या खारानं हळद लालभडक झाली. जितकं घाशी तितकी लाल. मग तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"चल की माझ्याबरोबर," एवढंच मला म्हणायचं होतं.

"जा, मुहूर्त जातोय," ती म्हणाली.

आणि मी गेले.