पमीच्या गालाचा तपास

आधीच सांगून ठेवते, या प्रकरणात घरात शहाणी मी एकटीच होते, आणि जे काही झालं ते त्याच शहाणपणानं. हसणार असाल तर आधी चहा संपवा.

पमी तेव्हा साडेतीन वर्षांची. तिच्या उजव्या गालावर लाल चट्टा उठला आणि माझी झोप उडाली. डाग राहिला तर? उद्या लग्नात आडवा आला तर? साडेतीन वर्षांच्या मुलीचं लग्न! आणि मी कोण? बी.एस्सी., रसायनशास्त्र घेऊन.

म्हटलं, शास्त्रीय पद्धतीनं जाऊ. पोरीला हात कोण कोण लावतं?

पहिला संशय नवऱ्यावर. हे चिंचवडच्या कारखान्यात लेथवर. संध्याकाळी आले की पमीला उचलणार. मी दारातच अडवलं.

"आधी अंघोळ."

"अगं, हात धुऊन आलोय कंपनीतून."

"मशीनचं तेल कातडीत मुरतं."

आठ दिवस त्यांनी लेकीला लांबूनच पाहिलं. चट्टा वाढला.

मग रखमाक्का, आमच्या घरमालकीण. आकुर्डीत त्यांच्याच दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहायचो. अक्का दाताला मिश्री लावायच्या आणि त्याच बोटांनी पमीचे गाल कुरवाळायच्या. मी स्पष्ट सांगितलं, "अक्का, तिला हात लावू नका. तुमच्या तंबाखूनं उठतंय."

"सहा पोरं वाढवली ह्याच हातानं. एकाला न्हाई उठलं."

"त्यांचं नशीब."

अक्का पदराला हात पुसत निघून गेल्या. पमी दारात उभी राहून त्यांना हाका मारत राहिली. मला वाईट वाटलं नाही असं नाही, पण आई झालं की वाईटपणा घ्यावाच लागतो.

चट्टा आणखी वाढला. आता उरली दृष्ट. माझा विश्वास नाही, पण तीट मी रोज लावायचेच, त्यात काय बिघडतं? अक्कांनी पूर्वी तुपाच्या दिव्यावर धरलेलं काजळ दिलं होतं, ते मी परत केलं होतं. काजळीत काय काय असतं कोण जाणे. माझी तीट शुद्ध, बाटलीतल्या काळ्या गंधाची. चट्टा वाढेल तशी मी तीटही वाढवत गेले. मोहरीएवढी होती, ती पावलीएवढी झाली.

शेवटी निगडीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कापसानं तीट पुसली. खालचा गाल ओला, सोललेला.

"हे काय लावता?"

"तीट. बाटलीतलं गंध. स्वच्छ असतं."

"कधीपासून?"

"चट्ट्याच्या आधीपासून."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मलाही माझंच वाक्य ऐकू आलं. तरी मी माघार घेतली नाही. "मी रोज कपाळाला तेच लावते, मला कुठे काय होतं?"

"बाई, तुमची कातडी वेगळी, तिची वेगळी. त्यातला रंग तिला सोसत नाही. बाटली बंद करा, आठवड्यात गाल बरा होईल."

परत येताना मी मनाशी ठरवलं, यातलं कुणाला काही सांगायचं नाही. मिश्री वाईट ती वाईटच, हे मी आजही म्हणते.

अक्का फाटकातच उभ्या होत्या, दोन्ही हात पाठीमागे धरून.

"काय म्हनला डाक्टर?"

"काही नाही हो, हवेनं होतं असं."

पमीनं माझा हात सोडला, धावत जाऊन अक्कांपुढे दोन्ही हात वर केले आणि म्हणाली, "अक्का, उचल मला. तू नव्हतीस, आईच होती."