टोपलीखालचा डाव

आधी क्षमा मागतो. इंदूमावशीवर लिहायचं तर ते तिच्या घरातल्या कुणी लिहावं, नाहीतर लिहिण्याची सवय असलेल्या कुणी. मी दोन्हींत बसत नाही. आम्ही शेजारी, आमच्या दोन खोल्यांमध्ये एक भिंत, एवढंच नातं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, त्यामुळे चाळीत काहीही लिहायचं निघालं की सगळे माझ्याकडे बघतात. मावशीच्या तेराव्याला तिचा मुलगा प्रकाशदादा म्हणाला, "अक्षय, आईबद्दल पेपरात काहीतरी लिही ना यार. तुला जमेल." जमेल की नाही, मला अजूनही कळलेलं नाही. कितीदा सुरुवात केली आणि खोडली. चुकलं असेल तिथे मोठ्या मनाने सांभाळून घ्यावं.

आमची शेवटची भेट हॉस्पिटलात झाली. तिची उजवी बाजू गेली होती आणि जीभ जड झाली होती. काय घेऊन जावं ते सुचेना, म्हणून मी तिचा बुद्धिबळाचा कापडी पट आणि सोंगट्यांचा डबा नेला. चादरीवर पट पसरला. तिने डाव्या हाताने एक प्यादं उचललं आणि ते नुसतंच धरून ठेवलं, जणू ते कुठे ठेवायचं हे कुणीतरी सांगायला हवं होतं. मग माझ्याकडे बघत मोठ्या कष्टाने म्हणाली, "चेडू?" चेडू म्हणजे मालवणीत मुलगी. चाळीत तिच्याकडे बुद्धिबळ शिकलेली नूपुर आली का, असं तिला विचारायचं होतं. मी म्हणालो, "येईल, मावशी." दुसरं काय म्हणणार होतो? ती मुलगी कुठे राहते, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं...

मावशी देवगडकडची. लग्न होऊन घाटकोपरला आली, नवरा गिरणीत होता, गिरणी बंद झाली, पुढे तोही लवकर गेला. हे सगळं मी ऐकलेलं. मी पाहिलेली मावशी म्हणजे भटवाडीच्या चढावरच्या आमच्या चाळीत, गॅलरीच्या टोकाला पाट टाकून बसलेली, समोर पट, मांडीवर निवडायची भाजी आणि भोवती शाळेतून आलेली पोरं. आमचे आईवडील कामावरून येईपर्यंत आम्ही तिच्याकडे. तिला बुद्धिबळ तिच्या वडिलांनी गावच्या पडवीत शिकवलेलं. पट तिने स्वतः शिवला होता, ब्लाऊजच्या उरलेल्या कापडाचा, त्यामुळे काळी घरं काळी नव्हतीच, जांभळी होती. एक काळा हत्ती कधीतरी हरवला होता. त्याच्या जागी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण उभं असायचं. नवं पोर आलं की विचारायचं, "हे काय?" आणि आम्ही सगळे एका सुरात ओरडायचो, "हत्ती!"

तिची शिकवायची एक पद्धत होती. पहिले काही दिवस फक्त प्यादी द्यायची. पोरं कुरकुरायची, आम्हाला घोडा दे, वजीर दे. ती म्हणायची, "आधी चलूक शीक. मगे घोड्यावर बस." प्यादी जमली की हत्ती, मग उंट, मग घोडा. वजीर अगदी शेवटी, आणि तोही ज्याने त्या दिवशी भांडण केलं नसेल त्याला. जिंकणाऱ्याने सोंगट्या पुन्हा मांडायच्या आणि हरणाऱ्याला खोबऱ्याची वडी, हा तिचा कायदा. पुढच्या गल्लीतला एक बंड्या त्या वडीसाठी रोज हरायला लागला. एक दिवस त्याने वजीर आपणहून उंटाच्या तोंडात नेऊन ठेवला. मावशीने भाजीवरून नजरही न उचलता म्हटलं, "मेल्या, वडी व्हयी तर माग. वजीर कित्या मारतस?" कित्या म्हणजे कशाला.

आणि टोपली. संध्याकाळी नळाला पाणी आलं किंवा कुणाची आई हाक मारायला आली की डाव अर्धा राहायचा. मावशी सोंगट्या गोळा करू द्यायची नाही. "डाव मोडूचो नाय," म्हणायची आणि पट तसाच, खालच्या फळीसकट, दोन्ही हातांनी अलगद सरकवत घरात न्यायची, खाटेखाली, वर वेताची मोठी टोपली उपडी घालायची. दुसऱ्या दिवशी टोपली उचलली की सगळं जागच्या जागी. लहानपणी मला ती जादू वाटायची. आपल्याला जावं लागलं तरी डाव आपली वाट बघत थांबतो, हे मला दुसऱ्या कुठल्याच गोष्टीने शिकवलेलं नाही.

नूपुर आमच्या खालच्या मजल्यावरची. आली तेव्हा दुसरीत असेल. बोलायची कमी, पण पटावर मात्र कुणाला भ्यायची नाही. मावशीचा तिच्यावर फार जीव. मी कॉलेजला जायला लागलो, माझं खेळणं सुटत गेलं, पण गॅलरीतून जाताना त्या दोघी दिसायच्याच. एकदा मी ऐकलं, नूपुर विचारत होती, "मावशी, राजाची उडी आता घेऊ की ठेवू?" आणि मावशी म्हणाली, "तुझो राजा, तुझी उडी. माका कित्या विचारतस?"

ही उडी समजावून सांगायला हवी. मावशीच्या गावच्या खेळात राजाला सबंध डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी मारता यायची. मात्र त्याला आधी शह बसलेला नसावा. प्यादं पहिल्या खेपेलाही एकच घर चालायचं. आम्ही सगळे हेच शिकलो. जगात कुठेतरी याहून वेगळं खेळतात, हे चाळीत कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

नूपुर पाचवीत असताना तिच्या शाळेने तिचं नाव मुलुंडच्या एका स्पर्धेत दिलं. तिच्या आईची ड्यूटी होती, वडिलांची रिक्षा, म्हणून सोबत मी गेलो. आदल्या संध्याकाळी मावशी आणि ती खेळत बसल्या होत्या. डाव अर्धा राहिला, टोपलीखाली गेला. "उद्या येऊन संपव गो," मावशी म्हणाली, "आणि बक्षीस घेऊन ये, नायतर वडी आसाच."

स्पर्धेच्या हॉलमध्ये पालकांना लांब बसवलं होतं. मला फक्त नूपुरची पाठ दिसत होती. थोड्या वेळाने तिच्या समोरच्या मुलाने हात वर केला. पंच आले, वाकून बघितलं, तिचा राजा उचलून मागे ठेवला. ती काहीतरी बोलली. पंचांनी मान हलवली. पुन्हा थोड्या वेळाने तेच. या खेपेला शेजारच्या पटांवरची मुलंही हसली. मी उभा राहिलो, पण कुणाला काय सांगणार होतो? मलाही तेच येत होतं. बाहेर आल्यावर तिने मला एकच विचारलं, "दादा, तुला माहीत होतं?" मी नाही म्हणालो.

चाळीत आल्यावर ती सरळ मावशीच्या दारात गेली. "तू आम्हाला खोटं बुद्धिबळ शिकवलंस," ती म्हणाली. "सगळे हसले मला."

मावशीच्या हातात वडीची बशी होती. "माझ्या बापाशीन माका जसा शिकवल्यान, तसाच..." एवढं ती म्हणाली, तोवर नूपुर जिना उतरून गेली होती. बशी मावशीच्या हातातच राहिली.

त्यानंतर मावशीने मला बोलावून घेतलं. "झिला, ता नवा काय आसा ता माका शिकव." मी मोबाईलवर बघून नियम वाचायचो, ती त्यासाठी आणलेल्या पुठ्ठ्याच्या नव्या पटावर करून बघायची. साठी उलटलेली बाई, चष्मा नाकावर, पोरीसारखी चुकत होती. किल्लेकोट, म्हणजे राजा कोपऱ्याकडे नेऊन हत्ती त्याच्या बाजूला आणायची चाल, समजावला तेव्हा मात्र भडकली. "ह्यो कसलो राजा? घाबरान हत्तीच्या मागे लपता! आमचो राजा उडी मारी." मी हसलो, तीही हसली, मग म्हणाली, "असांदे. पोरांका हसूक नको कोण." आणि खरंच, चाळीतल्या बाकीच्या पोरांना तिने सगळं नव्याने शिकवलं. तेही प्याद्यांपासून. हे सगळं नूपुरसाठी होतं, हे मावशीलाही माहीत होतं, मलाही. पण नूपुर वर आली नाही. मी दोनदा सांगून बघितलं, तिच्या आईने सांगून बघितलं. ती म्हणायची, "अभ्यास आहे." त्या उन्हाळ्यात तिच्या वडिलांनी बोरिवलीला, गोराईकडे कुठेतरी खोली घेतली आणि ते लोक गेले. काही दिवसांनी त्यांचा फोनही लागेनासा झाला.

टोपली तशीच राहिली. खाटेखाली, भिंतीशी. मावशी भोवतीने झाडायची, भोवतीने पुसायची. पोरांचा खेळ पुठ्ठ्याच्या पटावरच चालायचा. मी एकदा म्हणालो, "मावशी, उचल ना आता." ती म्हणाली, "तिच्या राजाची उडी बाकी आसा रे."

मग हा झटका आला. हॉस्पिटल, गावाहून पाहुणे, एका खोलीत इतकी माणसं. प्रकाशदादाच्या बायकोने, वैशालीवहिनीने, खाटेखालचं सगळं बाहेर काढलं. तिला दोष नाही, माणसं झोपणार कुठे? मी संध्याकाळी गेलो तेव्हा टोपलीत कांदे होते आणि सोंगट्या डब्यात. वहिनीने विचारलं, "काही महत्त्वाचं होतं का रे?" मी नाही म्हणालो. कोणती सोंगटी कुठे होती, ते मला आठवत नव्हतं. ते मावशीला आठवत असणार, पण तिला सांगता येत नव्हतं. टोपलीखालच्या डावाचं काय झालं, हे हॉस्पिटलात तिने विचारलं नाही, याचं मला बरं वाटलं, आणि तसं बरं वाटल्याचं अजूनही वाईट वाटतं.

एका रविवारी मी गोराईला गेलो. इमारतींमागे इमारती. वॉचमनना विचारत फिरलो, नूपुर नावाची मुलगी, वडील रिक्षा चालवतात. एक जण म्हणाला, "भाऊ, इथे अर्ध्या लोकांचे वडील रिक्षा चालवतात." दिवसभर फिरून परत आलो. त्या आठवड्यातच मावशी गेली. मी कॉलेजात होतो, आईचा फोन आला. वर्गात परत जाऊन बसलो, कारण उठून कुठे जायचं ते कळेना.

प्रकाशदादाने तो कापडी पट मला दिला. माझ्या पुस्तकांच्या फळीवर आहे, घडी करून. झाकणाचा हत्तीही आहे. पट मी अजून उघडलेला नाही.

हा लेख इथेच संपवायचा होता. पण परवा अनोळखी नंबरवरून फोन आला. नूपुरची आई. म्हणाली, "अक्षय, जुना मोबाईल दुरुस्त करून घेतला रे, त्यात तुझा नंबर मिळाला. सगळे बरे ना? अरे, ऐक ना, आमच्या नूपुरने इकडे जिन्यात पोरं जमवलीयत. खडूने पट काढते, बुद्धिबळ शिकवते. आधी नुसती प्यादी देते त्यांना, काय पोरं वैतागतात! आणि ती मावशींची उडी... नव्या नियमाने खेळून झालं की एक डाव उडीचा असतोच. आता त्यावरूनच भांडण लागलंय. राजाने उडी मारली आणि त्या घरात दुसऱ्याची सोंगटी असली, तर ती मारता येते का? नूपुर म्हणते, मावशीलाच विचारा, दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही."

मला ते माहीत नाही. मी मावशीला हे कधी विचारलंच नव्हतं.

"घाई नाही हं," ती म्हणाली. "मावशींना सवडीने विचार. डाव तसाच ठेवलाय तिने, वर कपड्यांचा टब उपडा घालून. कुणाला हात लावू देत नाही."