व्यंकट विनापरवानगी गेला नव्हता

मी उदगीरचा. नौदलात एकोणीस वर्षं होतो, शेवटी पेटी ऑफिसर. लातूरच्या भूकंपानंतरच्या हिवाळ्यात आमचं जहाज पूर्व किनाऱ्यावर, बंदराबाहेर नांगरलेलं होतं. इंजिन दुरुस्तीसाठी उघडलेलं. वादळाचा इशारा आला तेव्हा बाकीची जहाजं खोल समुद्रात निघून गेली. आम्ही दोन्ही नांगर टाकून थांबलो.

दुसऱ्या दिवशी येळवस, मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्या लातूर भागात त्या दिवशी गावं ओस पडतात. सगळे शेतात जेवतात, पिकाभोवती आंबील शिंपडतात. जहाजावर मी आंबील दरवर्षी करायचो. घरून आणलेलं ज्वारीचं पीठ, गॅलीतलं, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरातलं, ताक. त्या वेळी जहाज इतकं हलत होतं की डेग टेबलाच्या पायाला बांधावी लागली. कुक म्हणाला, "पीओसाब, नांगर सुटेल, ही नाही सुटायची."

सीमन व्यंकट माझ्या हाताखाली होता. भूकंपात त्याचे आईवडील आणि बायको गेले. थोरली बहीण कौसल्या तेवढी वाचली. सुट्टी शिल्लक असताना तो जहाजावर परत आला होता.

कॅप्टनचा हुकूम स्पष्ट होता. फोक्सलवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या डेकवर, ब्रिजवरच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय आणि कमरेला दोर बांधल्याशिवाय कोणी जायचं नाही. नांगराच्या पहाऱ्यावर आम्ही दोघं होतो. फोक्सलच्या दारामागे उभे. दुपारी एक चाळीसला वारा जरा पडला. मी त्याच्या हातात आंबिलीचा तांब्या दिला.

"जा, नांगराच्या साखळीवर शिंपडून ये. आज हेच आपलं शेत."

"माझं कुठलं शेत आता, दादा. ऱ्हाऊ द्या."

"भेलास का रं? लातूरचा ना तू?"

तो हसला नाही. "दोर बांधू का?"

"दोन मिन्टाचं काम हाय. जा."

आंबिलीसाठी परवानगी मागितली असती तर ब्रिजवर हसले असते. म्हणून मागितली नाही. तो दाराबाहेर पडला आणि रेडिओ वाजला.

"फोक्सल, ब्रिज. रिपोर्ट."

"साखळी ठीक. पुढे कोणी नाही," मी कळवलं.

त्याच्या एका हातात तांब्या होता. रेलिंगला एकच हात. साखळीपाशी पोचून त्यानं आंबील शिंपडली आणि शेतात ओरडतात तसा ओरडला, "ओलगे ओलगे!"

मी दारातून ठरलेलं उत्तर दिलं, "सालम पोलगे!"

मध्येच लाटेचं पाणी डेकवर आलं. पाणी ओसरलं तेव्हा डेकवर साखळी होती, तो नव्हता. बोट उतरवणं शक्य नव्हतं. तो सापडला नाही. संध्याकाळी मेसमध्ये उरलेली आंबील वाटली गेली. मीही प्यालो.

चौकशीत विचारलं, "कोणाच्या हुकुमानं गेला?"

मी म्हणालो, "हुकूम नव्हता, सर. विनापरवानगी गेला."

तोच जबाब असलेला चौकशीचा कागद कौसल्येकडे गेला. लोकांनी त्याचा अर्थ लावला: घरदार गेलं, पोरानं समुद्रात जीव दिला. मला हे कळलं होतं. तरी मी गप्प राहिलो. निवृत्तीपर्यंत आणि त्यानंतरही.

कौसल्याबाई आता लातुरात क्लासच्या पोरांची मेस चालवतात. गावी न जाणाऱ्या पोरांसाठी येळवशीला आंबील करतात. गेल्या येळवशीला मी तिथं जाऊन सगळं सांगितलं. डेगीत पळी फिरवत त्या ऐकत होत्या.

"म्हंजी त्यानं जीव न्हाई दिला."

"नाही. मी पाठवलं."

"मला एकलीला टाकून गेला म्हनून मी आजवर त्याच्या नावाचा घास ठिवला न्हाई." पळी थांबली. "शेवटी काय बोलला?"

"ओलगे ओलगे."

"आन् तुमी?"

मी सांगितलं.

"ते त्याला ऐकू गेलं का?"

"माहीत नाही."

त्यांनी एक वाटी आंबील भरून भिंतीशी वेगळी ठेवली. मग पोरांना वाढायला घेतलं. मला बसा म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. मी उभा होतो.

कागद आता बदलणार नाही, म्हणून इथं लिहितो. सीमन व्यंकट, नांगराच्या पहाऱ्यावर, दुपारी एक चाळीस. दोर बांधू का, असं त्यानं विचारलं होतं. तो माझ्या हुकुमावरून गेला.