उजव्या कोपऱ्यातली चकती

टाचणी परदेशात ग्राफिक डिझाइन शिकायला गेली त्याला दीड वर्ष झाले होते, आणि एवढ्या काळात 'नुसते पोस्टर कर' असे तिला एकदाही कोणी सांगितले नव्हते. तिथल्याच मुलांना ती मोकळीक होती. त्यांनी पिवळ्या कागदावर काळा त्रिकोण काढला, तर तो त्रिकोण मानला जाई. टाचणीने काढला, की प्राध्यापक बाई मान तिरकी करून विचारत, "छान आहे. पण यात तुमच्याकडची संस्कृती कुठे आहे?" जणू निघताना ती बॅगेत भरली होती आणि विमानतळावर कोणी काढून घेतली होती.

वास्तविक तिच्याकडे दाखवण्याजोगे फारसे काही नव्हते. तिच्या वडिलांचा छापखाना होता. घराचीच पुढची खोली, त्यात पायाने चालवायचे एक ट्रेडल यंत्र आणि शिशाच्या अक्षरखिळ्यांचे खण. कागदाच्या गठ्ठ्यांमधल्या कोणत्याही फटीत ती शिरत असे म्हणून तिचे नाव टाचणी पडले. त्या खोलीत छापले जात ते कचेऱ्यांना लागणारे कोरे अर्ज: रजेचा, दाखल्याचा, नळजोडणीचा. चौकट, ठिपक्यांच्या ओळी आणि तळाशी 'अर्जदाराची सही'. वेलबुट्टी हवी असणाऱ्या गिऱ्हाइकाला बाबा सरळ दुसऱ्या छापखान्याचा रस्ता दाखवत.

पहिल्या वर्षाच्या परीक्षेत तिने हात टेकले आणि पिसारा फुलवलेला एक पक्षी काढला. तो तिने जन्मात पाहिला नव्हता. कॉलेजच्या ग्रंथालयातल्या एका जाडजूड पुस्तकातून उतरवला होता. बाई हरखल्या. बाहेरून आलेल्या परीक्षकाने मात्र चष्मा पुसत एवढेच विचारले, "हा तुमच्याकडे नेमका कुठे आढळतो?" टाचणीला सांगता आले नाही. ती नापास झाली. आता उरला होता अंतिम प्रकल्प, आणि परीक्षक तोच. यात गेली, तर पदवीविना घरी.

विषय सापडला तो अपघाताने. ग्रंथालयाच्या पुस्तकाची मुदत वाढवून मागणारा अर्ज तिने हाताने लिहिला आणि सवयीने उजव्या कोपऱ्यात वर एक छोटा गोल काढून बाईंपुढे सहीसाठी ठेवला.

"हे काय?" बाईंनी विचारले.

"गोल."

"ते दिसतंय. कशासाठी?"

"गोल नसला तर अर्ज घेत नाहीत."

"कोण घेत नाही?"

टाचणीला प्रश्नच कळला नाही. तिच्या गावात कोणीच घेत नसे. खिडकीतला कारकून आधी गोल बघे, मग नाव. छापील अर्जावर तो छापलेलाच असे. साध्या कागदावर माणसे पेनाने काढत. उत्तरपत्रिकेवर, मास्तरांना लिहिलेल्या चिठ्ठीवर, एवढेच काय, दूधवाल्यासाठी दाराला अडकवलेल्या 'उद्या नको'वरही.

बाईंनी हातातला कॉफीचा कप खाली ठेवला. हे लक्षण मोठे होते.

पुढच्या तीन आठवड्यांत टाचणीने बेचाळीस पाने लिहिली. गोल म्हणजे सूर्य. गोल म्हणजे बीज. गोल म्हणजे 'समाजाने स्वतःभोवती आखलेले विश्वासाचे वर्तुळ'. यातले एकही वाक्य घरी मोठ्याने वाचण्याची तिची छाती झाली नसती. बाईंनी समासात तीन उद्गारचिन्हे काढली आणि खाली लिहिले: 'सर्वांत जुना नमुना जोडावा.'

हे सोपे होते. केलेल्या प्रत्येक कामाची एक प्रत, आणि इतरांचा हाती लागलेला अर्जही, बाबा तारीख घालून फाइलला लावत. ती फाइल ते बँकेच्या पासबुकापेक्षा जपत. तिने घरी व्हिडिओ कॉल लावला.

"कसला गोल?" बाबा म्हणाले.

"अर्जावरचा हो, बाबा. उजवीकडे वर."

"अगं, ती चकती!"

"कसली चकती?"

"सायकलच्या नटाखालची. थांब, दाखवतो." ते फाइल घेऊन आले आणि एक पान त्यांनी फोनच्या इतके जवळ धरले की पडद्यावर नुसता कागदाचा पोत दिसू लागला. "चौकटीला चार पितळी कोपरे असायचे. त्यातला एक हरवला. काम अडलेलं, रजेचे पाचशे अर्ज. मग लाकडाच्या ठोकळ्यावर सायकलची चकती बसवली आणि दिली ठोकून त्या जागी."

"कोपरा हरवला कसा?"

बाबांनी पान उलटले. मागे त्यांच्या ठाशीव अक्षरात तारीख होती, एकवीस वर्षांपूर्वीची, आणि तिच्याखाली: 'वरचा उजवा कोपरा टाचणीने नेला. तात्पुरती चकती.'

"मी?"

"चार वर्षांची होतीस," मागून आईचा आवाज आला. "गिळलास की काय म्हणून आठ दिवस तुझी शी तपासली मी. आता तिकडे जाऊन विचारते, कसा हरवला!"

"तात्पुरती म्हणजे एकवीस वर्षं, बाबा?"

"नवा कोपरा मागवणार होतो. राहून गेलं."

टाचणीने बेचाळीस पानांच्या गठ्ठ्याकडे पाहिले. त्यात सूर्य चार वेळा उगवला होता.

"मी नापास होणार," ती म्हणाली.

"कशाला? सूर्यबिर्य जे काय लिहिलंयस ते सांग ठोकून," आई म्हणाली. "तिथून इथे कोण येतंय बघायला?"

"आणि मागे मी लिहिलंय त्याचं काय?" बाबा एकदम ताठ झाले. "त्यावर खाडाखोड करायची नाही. फाइल आहे ती."

"अहो, पोरीच्या पदवीपेक्षा तुमची फाइल मोठी?"

बाबांनी फाइलची नाडी दोनदा बांधली.

टाचणीने त्यांना ती पुन्हा सोडायला लावली. दोन तास ते एकेक पान फोनपुढे धरत राहिले आणि ती पडद्याचे फोटो घेत तारखा उतरवत राहिली. संध्याकाळी तिने सूर्य, बीज आणि विश्वासाचे वर्तुळ कचऱ्याच्या टोपलीत टाकले. बेचाळीसपैकी एकच पान उरले, तेही नुसते तिचे नाव असलेले पहिले.

परीक्षेच्या दिवशी तिने भिंतीवर चारच कागद लावले. चारही कोपरे असलेला शेवटचा अर्ज. चकती असलेला पहिला, मागच्या मजकुराच्या भाषांतरासह. दोन वर्षांनंतरचा, पलीकडच्या छापखान्याने आपणहून गोल घालून छापलेला. आणि चकतीनंतर पाचव्या वर्षीचा, साध्या कागदावर लिहिलेला आणि कचेरीने परत पाठवलेला एक निर्दोष अर्ज, ज्यावर कारकुनाचा शेरा होता: 'गोल नाही. नियमानुसार नाही.' असा नियम कुठेही नोंदलेला नाही, असे टाचणीने खाली बारीक अक्षरात नमूद केले होते.

बाईंचा चेहरा पडला होता. परीक्षक चारही कागदांपुढे पुन्हा पुन्हा फिरला.

"म्हणजे ही परंपरा नव्हेच," तो म्हणाला.

"आहे की," टाचणी म्हणाली. "अख्खं गाव पाळतं. फक्त तिची तारीख सापडलीय. फाइल नसती, तर मी सूर्यच सांगणार होते. तुमच्याकडच्या परंपरांची फाइल कोणी ठेवलीय का?"

"आणि हिचं मूळ?"

"मूळ तुमच्यासमोर उभं आहे. तेव्हा वय वर्षं चार."

परीक्षक हसला नाही. त्याने चष्मा पुसला. मागच्या वेळीही त्याने तो असाच पुसला होता. "तो कोपरा नंतर सापडला का?"

"नाही. आईने आठ दिवस शोधला."

"कुठे?"

टाचणीने सांगितले. योग्य शब्द शोधायला बाईंनी तिला मदत केली नाही.

निकालाचा कागद चार दिवसांनी हाती आला. उत्तीर्ण. खाली परीक्षकाची सही होती, आणि वर उजव्या कोपऱ्यात पेन्सिलने काढलेला एक छोटा गोल. शेजारी त्याने लिहिले होते: 'नाहीतर तुमच्याकडे चालणार नाही.'

तिने लगेच फोटो घरी पाठवला. आईने उत्तरादाखल सहा लाल बदाम पाठवले. बाबांचे उत्तर यायला अर्धा तास लागला. त्यांनी तो फोटो मोठा करून, पट्टी लावून पाहिला असावा.

'अभिनंदन,' त्यांनी लिहिले होते. 'गोल दोन मिलिमीटर डावीकडे सरकलाय. सांग त्यांना.'